बरं असतानाचं काम

बायपोलर डिसऑर्डर असलेला माणूस समुपदेशनाला स्वतःहून येतो तो बहुतेकदा खचलेला असताना. मूड चढलेला असतो तेव्हा त्याला कुणाचीच गरज वाटत नाही. तेव्हा घरचे त्याला कसंबसं आणतात, आणि तेही मानसोपचारतज्ज्ञाकडे, इंजेक्शन-गोळ्यांसाठी. या दोन्हींच्या मध्ये काही महिने, कधी काही वर्षंही अशी जातात, की झोप लागते, जेवण जातं, कामावर जाणं सुरू असतं. तेव्हा कुणी येत नाही. "आता ठीक आहे ना सगळं, मग कशाला?" असं घरचेच म्हणतात. पुण्यात वीसेक वर्षं क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करणाऱ्या एका बाईंचा अनुभव नेमका उलटा आहे. या आजारात सीबीटीचं काम जे काही होतं ते याच महिन्यांत होतं, आणि त्यांच्या उमेदीचा मोठा भाग लोकांना या दिवसांत समोरच्या खुर्चीपर्यंत आणण्यात गेला आहे. (इथे येणाऱ्या माणसांची ओळख पटेल असे तपशील मुद्दाम बदलले आहेत.)

सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन या दोन्हींवर काम करणारी उपचारपद्धती, मुळात नैराश्यासाठी घडली. फिलाडेल्फियात ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात ती मांडली. तिच्या जवळची, अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी वाचकांच्या जास्त परिचयाची आहे. किशोर फडके आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांच्यामुळे ती आपल्याकडे पोचली. बाईंचं शिक्षण याच चौकटीत झालं. काही घडलं, मनात विचार आला, त्या विचाराने उदास वाटलं. तर तो विचार कागदावर उतरवायचा, त्याला पुरावा मागायचा, पुरावा टिकला नाही तर जास्त खरा विचार शोधायचा. नैराश्यातला माणूस याला तयार होतो, कारण त्याचा विचार त्याला छळत असतो. पण बायपोलरचं दुसरं टोक सुखाचं आहे. 'मला आता सगळं स्पष्ट दिसायला लागलंय', 'झोपेत आयुष्य फुकट जातं', 'पैसा काय, येईल' हे विचार कुणालाच छळत नाहीत. ते तपासायला कोण देणार?

या एका प्रश्नाने त्यांच्या कामाची घडी बदलत गेली.

पहिल्याच भेटीत त्या एक गोष्ट स्पष्ट सांगतात: हे उपचार गोळ्यांच्या जोडीला आहेत, गोळ्यांच्या जागी नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी १९४९ मध्ये लिथियमचा उन्मादावरचा, म्हणजे चढलेल्या मूडवरचा, गुण नोंदवला, पुढे डेन्मार्कमध्ये मोगेन्स शौ यांनी तो चाचण्यांतून सिद्ध केला, आणि त्यानंतर कितीतरी औषधं आली तरी लिथियमने आपली जागा सोडलेली नाही. बायपोलरसाठी सीबीटीचा जो सुरुवातीचा अभ्यास झाला तोही गोळ्यांविषयीच होता. सुझन कॉक्रन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात लिथियम घेणारे २८ जण होते. त्यांच्यातल्या ज्यांना सहा भेटींचं सीबीटी मिळालं, ते गोळ्या नेमाने घेण्यात इतरांपेक्षा पुढे राहिले. त्या अभ्यासाने बाईंना एक दिशा दिली: गोळी घेणं हेसुद्धा एक वर्तन आहे, आणि ती सुटते तेव्हा तिच्यामागे काही विचार असतो.

पण तो विचार नेहमी डोक्यातच सापडतो असं नाही. कधी तो घरात असतो. सातारा जिल्ह्यातल्या एका मुलीचं लग्न जमवताना आईवडिलांनी आजार लपवला आणि तिच्या गोळ्या व्हिटॅमिनच्या डबीत भरून दिल्या. हळद, लग्न, पूजा, जागरण-गोंधळ अशा ओळीने रात्री गेल्या, झोप झाली नाही. नव्या घरात सगळ्यांसमोर डबी उघडायची चोरी, म्हणून गोळीही राहिली. महिना व्हायच्या आत ती मध्यरात्री घरातली सगळी भांडी अंगणात काढून घासत होती, मोठ्याने गात होती, आणि सासरच्यांनी बाहेरची बाधा म्हणून देवऋषी बोलावला होता. दवाखान्यातून सावरून ती बाईंकडे आली तेव्हा कागदावर तिने लिहिलेला पहिला विचार होता: 'गोळी घेते तेव्हा मी नवऱ्याला फसवत असते.' या विचाराला पुरावा मागण्यात अर्थ नव्हता, तो खराच होता. म्हणून काम झालं ते सांगण्यावर. नवऱ्याला काय सांगायचं, किती, कुठल्या शब्दांत, तो रागावला तर पुढे काय, याचा तिने बाईंसमोर अनेकदा सराव केला आणि मग मानसोपचारतज्ज्ञांच्या समोर बसून सांगितलं. सांगणं लांबणीवर टाकण्यासारखंही नव्हतं, कारण ती घेत होती त्या व्हाल्प्रोएटचा गर्भावर गंभीर परिणाम होऊ शकतो आणि मूल हवं तर औषध आधीच बदलावं लागतं. तो संसार टिकला. अशाच दुसऱ्या एका घरात सांगितल्यावर घटस्फोट झाला, आणि बाई ही दुसरी गोष्टही नव्या पेशंटपासून लपवत नाहीत.

कामाला खरी कलाटणी मिळाली ती झोपेमुळे. मूड चार्ट म्हणजे रोज रात्री एक ओळ: कधी झोपलो, कधी उठलो, गोळी घेतली का, आणि मूड उणे पाच ते अधिक पाच यांतला कितवा. कितीतरी वह्या चाळल्यावर बाईंना एक क्रम पुन्हापुन्हा दिसू लागला. चढाच्या आधी विचार बदलण्यापूर्वी झोप बदललेली असायची. हिंजवडीत काम करणाऱ्या एका तरुण इंजिनिअरच्या वहीत हे लख्ख होतं. अमेरिकेतल्या टीमबरोबरचे रात्रीचे कॉल, एका रिलीजसाठी लागोपाठ जागरणं, आणि मग रिलीज संपल्यावरही झोप पाच तासांवर, नंतर चारवर. मूडचा आकडा तोवर नुसता अधिक एक होता. शेजारी त्याने लिहिलं होतं, 'फ्रेश वाटतंय.' त्याच्या आईला मात्र आकड्यांची गरज नव्हती. तिचं निदान असं होतं: हा पहाटे उठून माळा आवरायला लागला आणि शाळेच्या ग्रुपवर तीन वाजता मेसेज टाकायला लागला, की आठ दिवसांत काहीतरी होणार.

आईचं हे वाक्य उपचाराचा पाया झालं. इंग्लंडमध्ये पेरी आणि सहकाऱ्यांनी ६९ जणांचा एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध केला होता. स्वतःच्या आजाराच्या अगदी सुरुवातीच्या खुणा ओळखायच्या आणि त्या दिसताच डॉक्टर गाठायचा, एवढंच त्यांत काही लोकांना शिकवलं होतं. त्यांचा उन्मादाचा पुढचा झटका बराच लांबला. नैराश्याच्या बाबतीत तसा फरक दिसला नाही. बाईंच्या वह्यांतही हेच आहे. चढाला प्रत्येकाची स्वतःची ठरलेली पावलं असतात, उतार मात्र इतका हळू येतो की कुठल्या दिवशी सुरू झाला ते सांगता येत नाही.

या इंजिनिअरबरोबर एक पानी योजना तयार झाली. सलग दोन रात्री झोप पाच तासांच्या खाली गेली, की संध्याकाळनंतर चहा बंद, दहा वाजता फोन आईच्या खोलीत, रात्रीचा कॉल दुसऱ्याकडे, आणि सकाळी डॉक्टरांना फोन. अशा वेळी झोपेसाठी कुठलं औषध किती घ्यायचं ते डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेलं. रात्रीच्या कॉलच्या कलमावर तो बरेच दिवस अडून होता, आणि त्याचं अडणं बरोबर होतं. ऑफिसात आजार कळला तर प्रमोशन जाईल ही भीती म्हणजे विचारातली चूक नव्हे, ती आपल्याकडची वस्तुस्थिती आहे. शेवटी त्याने मॅनेजरला झोपेचा त्रास असल्याचं डॉक्टरांचं पत्र दिलं आणि तेवढ्यावर भागलं.

सुखाचे विचार तपासायला कोण देणार, या प्रश्नाचं उत्तरही इथेच होतं. चढ आल्यावर कुणी देत नाही. बरं असताना, मागच्या चढाचा हिशेब समोर ठेवून, माणूस पुढच्यासाठी नियम करून ठेवू शकतो.

बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या बायपोलरवरच्या पुस्तकात असे दोन नियम आहेत: मोठा निर्णय घेण्याआधी ४८ तास थांबायचं, आणि विश्वासातल्या दोघांना विचारायचं. कल्पना भन्नाट असेल तर ती दोन दिवसांनीही तशीच राहील. हे नियम बाईंनी तालुक्याच्या गावातल्या एका कापड दुकानदाराला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, धंद्यात अठ्ठेचाळीस तास थांबलो तर माल दुसरा उचलतो." त्याचा मागचा चढ दिवाळीच्या तोंडावर आला होता. सुरतेहून त्याने उधारीवर एवढा माल उचलला होता की ती देणी फेडायला घरातलं सोनं मोडावं लागलं. पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मग नियमाला रकमेची मर्यादा आली. रोजची खरेदी मोकळी, ठरावीक रकमेच्या वर गेलं की थांबायचं. दुसरा अडसर होता कुणाला विचारायचं याचा. घरच्यांनी थोरल्या भावाचं नाव सुचवलं आणि त्याचा चेहरा उतरला. आजारपणाच्या निमित्ताने भावाने गल्ला, चेकबुक, सगळंच ताब्यात घेतलं होतं. बाईंनी ते नाव पुढे रेटलं नाही. त्याने स्वतः निवडलेले दोघे होते बायको आणि भिशीतला एक जुना मित्र, जो स्वतः व्यापारी असल्याने त्याला धंद्याची भाषा कळत होती. नियम ज्याचा त्याने केलेला नसेल तर चढाच्या पहिल्याच दिवशी तो मोडतो, हे या कामात फार लवकर दिसतं.

सगळ्यांत अवघड मात्र ते, ज्यांचं आपल्या चढावर प्रेम असतं.

एक तबलावादक होता. हलक्या चढात त्याचा हात असा चालायचा की साथीदार थक्क व्हायचे, निदान त्याला तसं आठवत होतं. लिथियम सुरू झाल्यावर बोटांना बारीक कंप आला. हा लिथियमचा माहीत असलेला परिणाम आहे आणि कारकुनाला तो जितका जाणवेल त्याच्या कितीतरी पट तबलजीला जाणवतो. त्याने गोळ्या सोडल्या, पुन्हा दवाखाना झाला, पुन्हा सुरू केल्या, पुन्हा सोडल्या. बाईंकडे तो आला तेव्हा त्याला वाद घालायचा होता. बाईंनी कंपाची तक्रार आधी ऐकली आणि ती डॉक्टरांना लिहून पाठवली. डॉक्टरांनी लिथियमचं प्रमाण थोडं उतरवलं, कंपासाठी जोडीला औषध दिलं, आणि बोटं बरीच स्थिरावली. गोळी सोडण्याआधी डॉक्टरांना सांगता येतं, ही गोष्ट त्याला इतक्या वर्षांत कुणी करून दाखवली नव्हती.

राहिला प्रश्न गेलेल्या चमकेचा. लंडनमध्ये डॉमिनिक लॅम यांनी सीबीटीचे अभ्यास केले, त्यांतून एक गोष्ट पुढे आली होती: चढातला तो उत्साही, कर्तबगार, सगळ्यांना हवाहवासा 'मी' हाच खरा मी असं ज्यांना वाटतं, त्यांना या उपचारांचा उपयोग कमी होतो. तबलजी याच जातकुळीतला. बाईंनी त्याला 'ते सगळे भास होते' असं कधी म्हटलं नाही. त्यांनी त्याला त्या काळातली रेकॉर्डिंग शोधून आणायला सांगितली. दोघांनी मिळून ती ऐकली, आणि त्याने स्वतःच प्रत्येक बैठकीची नोंद केली. काही खरंच अप्रतिम होत्या. काहींत लय पळत होती आणि गायिका मागे राहत होती. दोन बैठका त्याला आठवत होत्या, पण त्या झाल्याच नव्हत्या. तो पोचलाच नव्हता. हा कागद पूर्ण झाल्यावर तो रडला. जे खरंच गेलं होतं त्याचं दुःख करायला त्याला तोवर कुणी जागाच दिली नव्हती. सगळे त्याला बरा झाल्याबद्दल फक्त पेढे मागत होते.

चढ उतरल्यावर मागे उरते ती शरम, आणि तिथे ठरावीक सीबीटी तोकडं पडतं. एका शिक्षिकेने चढात मुख्याध्यापकांना भर स्टाफरूममध्ये नाही नाही ते सुनावलं होतं, सासूवर ताट फेकलं होतं. नंतरच्या नैराश्यात तिच्या कागदावर होतं, 'मी माणूस म्हणून वाईट आहे.' पुरावा? भरपूर, आणि साक्षीदारांसकट. 'सगळा आजाराचा दोष' हे उत्तर तिला पटत नव्हतं आणि ते पुरतं खरंही नव्हतं. बाईंनी कागदावर एक वर्तुळ काढलं. घडलेल्या गोष्टीत कुणाचा किती वाटा ते त्यात भरायचं: आजार, त्या महिन्यात तुटलेली झोप, सुटलेल्या गोळ्या, शाळेतला आधीचा खराखुरा अन्याय, आणि स्वतःचा स्वभाव. तिच्या स्वतःच्या वाट्याला एक लहान, पण ठळक फोड आली. तेवढ्या फोडीसाठी माफी मागायची असं ठरलं. सासूपाशी ती मागून झाली. मुख्याध्यापकांना तिने पत्र लिहिलं आणि ते पाठवायचं की नाही यावर बरेच दिवस घेतले. याच काळात दिवसाचं वेळापत्रकही चालू होतं: सकाळी अंघोळ, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन येणं, एका शेजारच्या मुलीचं गणित घेणं. नैराश्यात हुरूप आला की काम करू म्हणून थांबलं तर हुरूप येत नाही, त्यामुळे काम आधी, अगदी लहान, आणि ठरल्या वेळी.

घरच्यांबरोबरची भेट या सगळ्यात बाई कधीच वगळत नाहीत. एकदा उन्माद पाहिलेलं घर नंतर हसण्यालाही घाबरतं. मुलगा मोठ्याने हसला, मुलीने नवी साडी घेतली, नवरा चिडला, की लगेच प्रश्न येतो, "गोळी घेतलीस का?" हा प्रश्न काळजीतून येतो आणि ऐकणाऱ्याला चपराक म्हणून लागतो. आपला राग किंवा आनंद यापुढे कधीच नुसता राग किंवा आनंद राहणार नाही, असं त्याला वाटायला लागतं. मग घरात एक करार होतो. हा प्रश्न कुणी एकानेच विचारायचा, भांडणाच्या मध्ये कधीच नाही, आणि विचारण्याआधी योजनेच्या पानावरच्या खुणांपैकी निदान दोन दिसल्या पाहिजेत. काही घरांत बाप या करारावर सही करत नाहीत. तिथे काम अडतं.

सीबीटीची मर्यादाही त्यांना चांगली ठाऊक आहे. लॅम यांच्या २००३ सालच्या अभ्यासात १०३ जण होते. एका वर्षात आजार उलटला तो सीबीटी मिळालेल्यांत ४४ टक्क्यांचा, आणि फक्त नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ७५ टक्क्यांचा. या आकड्यांनी तेव्हा सगळ्यांनाच हुरूप आला. मग २००६ मध्ये जॅन स्कॉट यांचा २५३ जणांचा मोठा अभ्यास आला आणि त्यात दोन्ही गटांत एकूण फरक दिसलाच नाही. बारापेक्षा कमी झटके झालेल्यांना मात्र फायदा झाल्याचं दिसत होतं. त्याहून जास्त झालेल्यांना नाही. पुढच्या वर्षी अमेरिकेत डेव्हिड मिक्लोविट्झ यांनी नैराश्यात असलेल्या २९३ जणांवरचे निष्कर्ष मांडले. सीबीटी, कुटुंबाला सोबत घेणारे उपचार किंवा दिनक्रम सांभाळणारे उपचार, यांपैकी एक काही महिने मिळालेल्यांत वर्षभरात ६४ टक्के सावरले, तर थोडक्यात माहिती-मार्गदर्शन मिळालेल्यांत ५२ टक्के. या तिन्ही अभ्यासांतून बाईंनी स्वतःपुरता अर्थ काढला तो असा: हे उपचार लवकर सुरू व्हायला हवेत, आणि त्यांत विचारांच्या तक्त्याइतकंच वजन घराला आणि घड्याळाला हवं.

'लवकर' हेच आपल्याकडे जमत नाही. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार बायपोलर असलेल्या सुमारे ७० टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नव्हते. जे पोचतात त्यांतल्या अनेकांचा आजार आधी नुसतं नैराश्य म्हणून ओळखला जातो. बाईंकडे बारा-पंधरा झटके सोसून, जमीन विकून, नोकरी जाऊन आलेले लोक आहेत. सोलापूरकडून एसटीने येऊन आठवड्याला एक भेट त्यांना परवडत नाही. कोविडनंतर व्हिडिओवरच्या भेटींनी थोडं सोपं केलं. अशांबरोबर त्या विचारांचे तक्ते भरत बसत नाहीत. झोप, गोळी, पैसा आणि एक भरवशाचा माणूस एवढ्या चारच गोष्टी धरतात. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आपण आजारी पडलो तर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत आणि आपल्या वतीने कुणी बोलावं हे आधीच लिहून ठेवायचा हक्क दिला आहे. बाई तो प्रत्येकाला समजावून सांगतात. लेखी नोंद करणारे अजून फार थोडे आहेत.

त्या थोड्यांपैकी एक शेतकरी वारकरी आहे. घराण्यात वारी चालत आलेली, आणि आजारामुळे घरच्यांनी ती बंद केलेली. बाईंच्या मते त्याच्या नैराश्याला ही बंदी इतर कशाहूनही जास्त खतपाणी घालत होती. पण धोकेही खरे होते. पहाटे तीनला उठणं, रात्रीची भजनं, तंबूतली अर्धवट झोप. त्यात तो लिथियमवर. घाम गेला, पाणी कमी पडलं, जुलाब लागले किंवा पाय दुखतात म्हणून कुणी आयबुप्रोफेनची गोळी दिली, की रक्तातलं लिथियम विषारी पातळीला जाऊ शकतं. मानसोपचारतज्ज्ञ, बाई, तो आणि त्याच्या दिंडीतला पुतण्या यांनी बसून आराखडा केला. निघण्याआधी रक्ताची तपासणी. पाणी मोजून, मीठ नेहमीइतकंच. पायांना तेल, आणि गोळीच लागली तर फक्त पॅरासिटामॉल. जुलाब-उलट्या झाल्या किंवा हात जोरात थरथरायला लागले, तर लिथियमची पुढची गोळी न घेता लगेच फोन. कीर्तन संपेपर्यंत न थांबता नऊला झोपायचं, आणि दोन रात्री झोप लागली नाही तर पुतण्याने त्याला गाडीत बसवून घरी आणायचं. तेव्हा तो नाही म्हणाला तरी. हे शेवटचं वाक्य त्याने स्वतः सांगितलं आणि खाली सही केली.

पहिल्या वर्षी तो आळंदीहून जेजुरीपर्यंत चालला आणि ठरल्याप्रमाणे परतला. पुढच्या वर्षी दिवेघाट चढल्यावर सासवडच्या मुक्कामात झोप मोडली, आणि पुतण्याने आराखड्यात लिहिलं होतं तेच केलं. रस्ताभर तो पुतण्याशी बोलला नाही. आठवड्याने बाईंकडे आला तेव्हा वही घेऊन आला होता आणि झोप कुठल्या रात्रीपासून बिघडली ते त्याने शोधून ठेवलं होतं: आळंदीच्या प्रस्थानाच्या आदल्या रात्रीपासून. आराखड्यात आता एक कलम वाढलं आहे. प्रस्थानाला न जाता तो पालखीला पुण्यातच मिळतो. यंदा त्याने फलटणपर्यंत जायची परवानगी मागितली आहे, आणि डॉक्टरांनी आधी रक्ताचा रिपोर्ट मागितला आहे.